हा कुठला मासा?

तळ्यात गळाला लागलेला मासा तिने बादलीत सोडला, त्याचा फोटो काढला आणि तिच्या लग्नापासून अबोला धरून बसलेल्या वडिलांना पाठवला. खाली लिहिलं, "बाबा, हा कुठला मासा? काही केल्या ओळखू येत नाहीये."

नवऱ्याने बादलीत डोकावून पाहिलं. "अगं, मरळ आहे हा! मलासुद्धा कळतं. मासेमाराची लेक ना तू?"

"म्हणून तर विचारलं. बाबांनी मला ओळखायला शिकवलेला पहिला मासा हाच."

तो काही बोलणार तेवढ्यात वडिलांचं उत्तर आलं.

"मलाही ओळखू येत नाहीये. हातात घेऊनच बघावा लागेल. बादली जड असेल, जावयालाही आण."