ऑफिसची पिकनिक

चारुदत्तने ठोकलेली तंबूची चौथी खुंटीही उपटून हातात आली, तेव्हा बद्रुद्दीनने चहाचा कप तोंडाला लावला आणि तो डोंगराकडे बघत बसला.

दोष खुंटीचा नव्हता. नेरे गावच्या काशीरामने शनिवार-रविवारी आपलं शेत कॅम्पिंगला द्यायला याच हिवाळ्यापासून सुरुवात केली होती. पनवेलच्या माणसांच्या पाठीला भाताची धसकटं टोचू नयेत म्हणून त्याने कालच सगळीकडे ट्रॅक्टर फिरवून ठेवला होता. माती कशी गादीसारखी झाली होती. गादीत कुठे खुंटी राहते?

"लय मऊ केली काय वो मी?" काशीराम ओशाळून म्हणाला.

"होईल, होईल," म्हणत चारुदत्तने मोबाइलवरचा व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. त्याने दोन तंबू मागवले होते. एक बायकांचा, एक पुरुषांचा, असं गाडीतच ठरलं होतं. पहिल्याचं दार त्याने डोंगराकडे केलं होतं, व्ह्यूसाठी. त्याची बायको सुनीता आणि बद्रुद्दीनची बायको झुबेदा दोन कोपरे धरून कधीच्या उभ्या होत्या.

"बद्रू, ऊठ की लेका. हात लाव जरा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तेही खरंच. साहेब एकोणीस वर्षं कुवेतला एसीत बसलेले. हात मळायचे."

झुबेदा हसली. तिला हे ऐकायला आवडायचं. कुवेतचं ऑफिस, बारावा मजला, मोठी काचेची खिडकी, सगळं तिचं अख्ख्या मोहल्ल्याला सांगून झालं होतं. लेकीच्या सासरी तर दोनदा.

बद्रुद्दीनने हात लावला असता तर तंबू दहा मिनिटांत उभा राहिला असता. तेच त्याला नको होतं. ती एकोणीस वर्षं त्याने वाळवंटात पाइप टाकणाऱ्या मजुरांबरोबर तंबूत काढली होती, आणि बारावा मजला फक्त खालून पाहिला होता. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, झुबेदाला तर नाहीच. साठी उलटलेल्या माणसाला बायकोची एवढी भीती वाटावी, याची त्याला लाज वाटे. पण वाटे खरी.

पाचच्या सुमाराला डोंगरावरून वारा उतरला. दार त्याच्याच तोंडाला होतं. तंबू टम्म फुगला. सुनीताच्या हातून कोपरा सुटला. झुबेदाने मात्र आपला सोडला नाही आणि ती फरफटत निघाली. पुढे काशीरामच्या बायकोने, सखूबाईने, वालाच्या शेंगांचं मडकं, पोपटी, लावायला जाळ पेटवला होता.

"बैठो! सब बैठो उसपे!"

हा आवाज त्या चौघांपैकी कोणाचा असेल असं कोणालाच वाटलं नाही. बद्रुद्दीन धावत येऊन कापडावर आडवा पडला आणि त्याने झुबेदाला हाताला धरून खाली बसवलं. मग चारुदत्त बसला, सुनीता बसली, काशीरामही बसला. जाळ चार हातांवर होता.

बद्रुद्दीनने रुमाल काढून नाकातोंडावर बांधला. आता थांबायला हवं, हे त्याला कळत होतं, पण हात थांबेनात. त्याने सुनीताच्या पिशव्यांतले कांदे-बटाटे जमिनीवर ओतले, पिशव्यांत माती भरली, त्यांच्या गळ्याला तंबूच्या दोऱ्या बांधल्या, हातभर खोल खड्डे करून पिशव्या पुरल्या आणि वरून पाय आपटून माती बसवली. तंबूची पाठ वाऱ्याकडे फिरवली. कोणी काही विचारायच्या आत दुसराही उभा केला.

काशीरामने एक दोरी ओढून पाहिली. ती जागची हलली नाही.

"वा, सायेब! आमचा जल्म शेतात गेला, पन ह्ये नाय सुचलं. कुठं शिकले तुमी?"

बद्रुद्दीन रुमाल सोडायला लागला. गाठ सुटत नव्हती. चारुदत्त आणि सुनीता त्याच्याकडे बघत होते.

"त्यांच्या ऑफिसची पिकनिक जायची वाळवंटात," झुबेदा ओढणीवरची माती झटकत म्हणाली. "दर वर्षी."

"बद्रू, कधी बोलला नाहीस ते!"

"मला सांगितलंय की त्यांनी," झुबेदा म्हणाली. मग तिने सतरंजी उचलली आणि ती तंबूत शिरली. "जरा आत या. दुसरं टोक धरा."

तो वाकून आत गेला. दोघांनी सतरंजी अंथरली. बाहेर चारुदत्त काशीरामला पिशवी कशी पुरायची ते समजावून सांगायला लागला होता, आपणच शोधून काढल्यासारखं.

"किती जण असायचात?" झुबेदाने हळूच विचारलं.

"आठ."

"एवढ्यात?"

"एवढ्यातच."

"आणि ते स्वेटर? एसीचा गारठा सोसवत नाही म्हणालात. तीन विणून पाठवले मी."

"गारठा खरा होता," बद्रुद्दीन म्हणाला.

तिला राग आला होता आणि रडूही येत होतं. दोन्ही तिने गिळलं.

"तुमची जागा कुठली?"

त्याने बोटाने दाखवली. दारापासून तिसरी.

झुबेदा तिथे जाऊन आडवी झाली आणि वर कापडाकडे बघत राहिली.

"अशी नाही," तो म्हणाला. "उताणं निजायला जागा नसायची."

चार माणसांसाठीच्या त्या रिकाम्या तंबूत ती कुशीवर वळली. तिने गुडघे पोटाशी घेतले.

"अशी?" तिने विचारलं.