कण्हेरीची माळ

मुलांनो, डोळे मिटा आणि एक राजा डोळ्यांपुढे आणा. इतका भित्रा, की डोंगरातले झरेही त्याने साखळदंडांनी बांधून ठेवले होते. ते झरे सोडवणाऱ्या बंडखोराला आज भरचौकात सुळावर द्यायचे होते. मरणाऱ्याला घालतात ती लाल कण्हेरीची माळ त्याच्या गळ्यात होती. समोर त्याची लेक सगुणा आईचा पदर धरून उभी होती.

त्या राज्याचा रिवाज असा, की मरणाऱ्याचे नाव तीनदा पुकारल्याशिवाय त्याला सुळावर द्यायचे नाही. आणि राजाचे फर्मान असे, की या बंडखोराचे नाव जो घेईल, तोही त्याच दिवशी सुळावर जाईल. दवंडीवाला घाम पुसत प्रधानाकडे बघू लागला. प्रधान आभाळाकडे.

"बाबा, हे सगळे का हो घाबरलेत?" सगुणाने विचारले.

"सवय आहे गं त्यांना," बाबा हसले.

ते हसू तिथेच चौथऱ्यावर बसलेल्या राजाला झोंबले. "पुकारा रे, भेकडांनो! धुळोजी म्हणताना काय जीभ झडते तुमची?"

जल्लाद बिचारा साधा माणूस, फर्मान पाळणारा. त्याने धुळोजीचा दंड सोडला आणि तो राजाकडे वळला. प्रधान हळूच दोन पावले बाजूला सरकला. गर्दीत कुणीतरी खुदकन हसले.

सगुणाने आईचा पदर सोडला. ती पायऱ्या चढून गेली, बाबांच्या गळ्यातली माळ तिने काढली आणि टाचा उंचावून राजाच्या गळ्यात घातली.