एकसष्टावी वीत

आमच्या बोर्डिंगच्या पहिल्या तुकडीने चॅपलसाठी केवड्याच्या पातीची चटई विणली, दारापासून वेदीच्या पायरीपर्यंत बरोबर पुरेल अशी. तेव्हापासून शाळा सोडणारी प्रत्येक तुकडी तिला एक वीत जोडते. यंदाची आमची एकसष्टावी. चटई मात्र अजून पायरीशीच संपते, असं सगळ्या सांगायच्या.

मरियेच्या सणाच्या सकाळी माझ्या तुकडीतल्या लेपेकाने चॅपल बाहेरून मोजलं.

"वीसच पावलं," ती म्हणाली. "चटई दुमडावी लागणार बघ. नाही लागली तर माझ्या वाटणीची अळकुडी तुझी."

ती दारात चटईचं टोक धरून बसली. मी गुंडाळी उलगडत आत निघाले, पावलं मोजत. एकेचाळिसाव्या पावलाला पायरी लागली. चटई तिथेच संपली. कुठे घडी नाही, सुरकुती नाही.

वेदीजवळ म्हाताऱ्या सिस्टर इमाक्युलाता फुलं लावत होत्या.

"दरवर्षी कुणीतरी पैज लावतंच. यंदा तू हरलीस वाटतं," त्या म्हणाल्या.

"मी नाही, लेपेका हरली. पण सिस्टर, हे असं कसं?"

त्यांनी क्रूसाची खूण केली. "मी पहिल्या तुकडीतली. तेव्हा इथून दारातल्या मुलीच्या गालावरची खळी दिसायची गं."

मी वळून पाहिलं. दार अंगठ्याएवढं होतं. लेपेकाने तोंडाशी हात धरून मला हाक मारली. मग हात खाली घेतले.

बऱ्याच वेळाने ऐकू आलं, "पोचलीस का गं?"