अडीच वाजताची थरथर

“आता हलतोय का?” टेबलाखालून दुरुस्तीवाल्याने विचारलं.

“नाही,” ती ओशाळून म्हणाली. तो तिसऱ्यांदा आला होता, आणि तिसऱ्यांदाही पडद्यावरची अक्षरं शहाण्यासारखी ओळीत उभी होती.

तो गुडघे झटकत बाहेर आला. वायर बदलून झाली होती, सेटिंग बदलून झालं होतं, शेजारचे स्पीकर कपाटावर जाऊन बसले होते. “वहिनी, मॉनिटर म्हातारा आहे, पण ठणठणीत आहे.”

“तुम्ही जिना उतरलात की बघा. थंडी वाजल्यासारखी हुडहुडतात अक्षरं.”

छकुली पाळण्यात झोपली होती. अडीच ते चार, ती झोपलेली असायची तेवढाच काय तो आईचा कामाचा वेळ. छापखान्याची पानं चारच्या आत तपासून पाठवायची. दोनदा उशीर झाला होता; आता झाला तर काम दुसऱ्या कोणाला देऊ, असं छापखान्यातून कालच अगदी गोड आवाजात सांगितलं होतं. आणि थरथर सुरू व्हायची ती नेमकी अडीचलाच.

“अजून तेच चाललंय?” सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मधल्या लाकडी भिंतीच्या पलीकडे त्यांची खोली. दुरुस्तीवाला आला की त्यांची झोप मोडायची आणि त्या देखरेखीला हजर व्हायच्या. “फेका ते खोकं. दोन हातांनी होईल तेवढं करावं माणसाने. यंत्रं आळशांसाठी असतात.”

हे तिला पाठ होतं. पहिल्या कमाईतून तिने त्यांच्यासाठी पोटऱ्यांना पट्टे बांधून पाय दाबायचं यंत्र आणलं, तेव्हाही त्या हेच म्हणाल्या होत्या, आणि खोकं न उघडताच पलंगाखाली सरकवलं होतं.

दुरुस्तीवाल्याने पडद्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे, मग लाकडी भिंतीकडे.

“आजी, मी येतो तेव्हा दर वेळी तुम्ही इथे असता ना?”

“मग? घरात परका माणूस आलाय आणि मी लोळत पडू?”

“तसं नाही. तुम्ही इथे असलात की चित्र शांत असतं.”

“मी काय मंत्र घालते त्याच्यावर?”

“पलीकडे एखादी मोटर वगैरे चालते का? जुन्या मॉनिटरला ते सोसत नाही. जवळ मोटर चालली की चित्र थरथरतं.”

“कसली मोटर? मी झोपलेली असते.”

बोलता बोलता त्यांनी गाऊन खाली ओढला. पण तोवर तिला दिसलं होतं. दोन्ही पोटऱ्यांवर रुंद पट्टा आवळल्याचे लालसर वळ. ताजे.

“एकदा पलीकडे बघून येऊ का?” दुरुस्तीवाल्याने विचारलं.

बिस्किट तोंडात लपवल्यावर छकुलीचा होतो, तसा सासूबाईंचा चेहरा झाला होता.

“नको,” ती म्हणाली. “तिथे काही नाही. टेबलच भिंतीपासून दोन हात पुढे घेऊन बघू या.”

दुरुस्तीवाल्याने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. माणूस अनुभवी होता. “घ्या,” तो म्हणाला. “कधी कधी नुसती जागाच मानवत नाही.”

“मी तेच म्हणणार होते,” सासूबाई म्हणाल्या.

टेबल सरकलं. आता कपाटाचं दार अर्धंच उघडत होतं, पण तेवढ्यातून हात जात होता.

दुसऱ्या दिवशी अडीच वाजले, अक्षरं जागची हलली नाहीत. तिने एक पान उरकलं, दुसरं उरकलं. तिसऱ्या पानाची पहिलीच ओळ तिने चारदा वाचली. मोटरचं नाव निघाल्यावर सासूबाईंनी पाय दाबायचं यंत्र बंदच करून टाकलं असेल का? पंख्याच्या घरघरीत पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं.

ती उठली. पाळण्यावर एक डोळा ठेवून तिने टेबलाला कंबर लावली आणि आवाज न करता ते मागे, पार लाकडी भिंतीपर्यंत ढकललं.

अक्षरं हुडहुडली.

क्षणभर ती बघत राहिली. मग टेबल पुन्हा दोन हात पुढे ओढून घेतलं, आणि चौथ्यांदा वाचलेली ओळ पाचव्यांदा वाचायला बसली.