चर्चची शिडी

चर्चच्या मागच्या भिंतीवरचे शिडी टांगायचे दोन्ही आकडे रिकामे होते. चर्चची देखभाल करणाऱ्या पास्कूने आकड्यांकडे पाहिलं, मग शेजारी तारा धरून उभ्या असलेल्या नातीकडे, आरोहीकडे पाहिलं, आणि डोकं खाजवलं.

तारा आरोहीच्या खांद्याला लागत होता. बांबूच्या काड्या, वर लाल-पिवळा पतंगी कागद, आत दिवा. दरवर्षी नाताळचा तारा बाजारातून यायचा. यंदा तो चर्चच्या पडवीत संध्याकाळी अभ्यासाला बसणाऱ्या मुलांनी केला होता, आणि दिवेलागणीच्या आत तो शिखरावर चढवतो असा शब्द पास्कूने त्यांना दिला होता. ऊन आताच कलू लागलं होतं.

"शिडी आपलीच ना, पास्कू?" फादर विनीत यांनी विचारलं. ते यंदाच इथं बदलून आले होते.

"आपली म्हणून तर आपल्याकडं नाय, फादर."

एवढी उंच लोखंडी शिडी आसपास दुसरी नव्हती. कुणाची कौलं फुटली, गणपतीचा मांडव घालायचा झाला, मांजर माडावर अडकलं, तरी ती जायची. शेवटची ती आप्पांनी नेली होती, म्हणून पास्कू थेट त्यांच्या बागेत गेला. मागोमाग तारा सांभाळत आरोही.

"शिडी?" आप्पा कलमांच्या आळ्यांमधून सरळ झाले. "टाकी धुतली नि पद्मजाबाईंना दिली. दत्तजयंतीच्या माळा लावायच्या होत्या त्यांना."

"मला न विचारता?"

"चर्चच्या शिडीला तुला काय विचारायचं?" आप्पांना खरंच नवल वाटलं.

दत्ताच्या देवळात पद्मजाबाई समया पुसत होत्या. त्यांनी आधी आरोहीच्या हातावर खडीसाखर ठेवली. "माळा उतरवल्या त्याच दिवशी दिली हो. पऱ्ह्यापलीकडच्या वाडीतली माणसं आली होती. जरा लागते म्हणाली."

"जरा म्हणजे किती?"

"ते मी नाही विचारलं. तुम्ही विचारता का कधी कुणाला?"

पास्कूने कधीच विचारलं नव्हतं. तो उतरण उतरू लागला. अर्ध्या वाटेत तो करवादला. "उद्यापासून साखळी. साखळी नि कुलूप. मग कळेल एकेकाला."

"मागच्या नाताळालापण असंच म्हणाला होतात, आजोबा."

"तू तारा सांभाळ गो."

पोफळीची बाग संपली आणि पऱ्ह्या आला. रुंद नव्हता, पण जांभ्याच्या दोन दरडींमधून चांगला खोल वाहत होता. त्यावरचा साकव पावसाळ्यात वाहून गेला होता, हे पास्कूला ठाऊक होतं. आता तिथं दुसरा साकव होता. या दरडीपासून त्या दरडीपर्यंत आडवी टाकलेली चर्चची शिडी, तिच्यावर दोरीने घट्ट बांधलेल्या पोफळीच्या फळ्या, आणि धरायला एका बाजूने बांबू.

काठावरच्या घरातून तुळसा हात पुसत बाहेर आली.

"पास्कूदादा, शिडी न्यायला आलात?" तिला जरा ओशाळल्यासारखं झालं. "आमी सांगनार होतो. पन रोज कुनीतरी जायचं असायचं. आजारी मानूस, दूधवाला, शाळेची पोरं. हायवेवरून वळसा घालायचा तर अर्धा दिस जातो. न्या तुमी. तुमचीच हाय." आणि तिने हाक मारली, "रितेश! फळ्या सोड रे."

रितेशने पहिली गाठ सोडली. पास्कू दुसरी सोडायला बसला. दोर ओला होता, सुटता सुटत नव्हता.

"अहो, थांबा!"

पलीकडच्या दरडीवर चर्चच्या पडवीत अभ्यासाला येणारी तेजस्वी उभी होती. तिच्यामागे पडवीतली आणखी पोरं, ठेवणीतले कपडे घालून, केसांना तेल लावून. आज चर्चमध्ये त्यांना गाणी म्हणायची होती. सगळ्यांच्या माना एकदमच चर्चच्या दिशेला वळल्या.

"तारा लावलात का आमचा?" तेजस्वी ओरडली. मग तिचं लक्ष पास्कूच्या हातातल्या दोराकडे गेलं. "नि शिडी नेलीत तर आमी कसं यायचं?"

पास्कू दोर धरून तसाच बसला. वर सड्याच्या उघड्या माळावर चर्च दिसत होतं, त्याचं शिखर मोकळं. त्याने शब्द दिला होता, आणि ज्यांना दिला होता त्यांतली निम्मी पोरं पलीकडे उभी होती.

आरोहीने तारा अलगद खाली टेकवला. "आजोबा, इथं रात्री दिवा असतो?"

"इथं कुठला दिवा!" तुळसाच म्हणाली. "काल दूधवाल्याचा पाय फळीवरून सटकला."

आरोही काठावरच्या उंच पोफळीकडे बघत राहिली. मग पास्कूही बघू लागला. मग त्याने सोडलेली गाठ पुन्हा आवळली, पहिलीपेक्षा घट्ट.

"रितेश, चढशील काय रे?"

रितेशने कमरेला दोरी बांधली आणि सरसर वर गेला. तुळसाने पडवीतून वायर ओढली. तारा हलत, गिरक्या घेत चढत गेला, आणि दिवा लागला तेव्हा दोन्ही काठांवरून एकच ओरडा उठला.

काळोख पडता पडता पास्कू धापा टाकत चर्चच्या दारात पोचला. फादर मान वर करून मोकळ्या शिखराकडे बघत होते.

"शिडी नाही सापडली?"

"सापडली, फादर. कामात हाय."

त्याने खाली बोट दाखवलं. पोफळींच्या काळोखात लाल-पिवळा तारा डुलत होता, आणि त्याच्या उजेडात एकामागून एक माणसं शिडीवरून चालत येत होती.