अठ्ठेचाळीस तासांत

बुधाजीने काउंटरवर ओलं फडकं ठेवलं आणि गाठ सोडली. आत मूठभर तांबडं भात होतं, भिजून टचटचीत फुगलेलं. एकाही दाण्याला मोड नव्हता.

"मॅडम, चार दिस झाले. पानी रोज बदलतो. माजं काय चुकतं का?"

अरुंधतीने त्याला लगेच ओळखलं. बंदरात उतरणारं धान्य, रोपं, बियाणं तपासून सोडणाऱ्या पनवेलच्या या कचेरीत शेतकरी सहसा येत नाहीत. येतात ते एजंट, काखेत फायली आणि कानाला फोन. त्यामुळे मागच्या महिन्यात गव्हाणहून आलेला हा म्हातारा तिच्या लक्षात राहिला होता. त्याच्या खाडीकाठच्या खाऱ्या शेतातलं हे बी चाळीस वर्षांपूर्वी कोणी साहेब मूठभर घेऊन गेला होता. पुढे गावातून ते पार नाहीसं झालं. नातीने, स्नेहलने, ते परदेशातल्या एका बियाणे संस्थेत शोधून काढलं आणि आजोबांसाठी अर्धा किलो मागवलं.

बियाण्याच्या अर्जाला पंचेचाळीस दिवस लागतात. कचेरीच्या काचघरात रुजवून बघतात, रोग नाही ना याची खात्री करतात, मगच सोडतात. भिंतीवरच्या फलकावर मुदत आणि फी, दोन्ही ठळक लिहिलेलं आहे. तेवढ्यात पेरणीचे दिवस निघून गेले असते. बुधाजी तेव्हा वाद घालत बसला नाही, नुसता फलकाकडे बघत उभा राहिला, आणि अरुंधतीला त्याची दया आली.

"आजोबा, बियाणं कशाला लिहिता? खाण्याचं धान्य लिहा," ती म्हणाली होती. "फी कमी, आणि अठ्ठेचाळीस तासांत माल तुमच्या हातात." अर्जही तिनेच भरून दिला होता.

खरं सांगायचं तर नुसती दयाही नव्हती. वेळेत निकाली काढलेल्या फायलींच्या यादीत त्या महिन्यात तिचं टेबल मागे पडलं होतं आणि ही फाइल सोपी होती. एका दगडात दोन पक्षी.

खाण्याच्या धान्याच्या मंजुरीपत्रात एक छापील ओळ असते: ‘उष्ण प्रक्रियेने उगवणक्षमता नष्ट करून माल मुक्त.’ बाहेरची कीड आत येऊ नये म्हणून दाणे भट्टीतून काढतात. अशा पत्रांवर ती रोज सह्या करत होती. ती ओळ शेवटची कधी वाचली, तिला आठवेना. ओळ मात्र आत्ता शब्दन्‌शब्द आठवली. नियमावर बोट ठेवून या माणसाला पंचेचाळीस दिवस ताटकळत ठेवलं असतं, तर पुढच्या साली तरी त्याने पेरलं असतं.

"सगळंच भिजवलंत का?" तिने विचारलं. विचारून काय उपयोग, हेही तिला कळत होतं.

"नाय नाय. ही मूठ नुसती बघाला ठेवलेली. बाकी सगलं वाफ्यात पेरलं. आज बारावा दिस." बुधाजी जरा ओशाळून हसला. "आमचंच बी, पन चालीस वर्सं परदेशात राहून आलंय. इथलं पानी मानवत नसंल. तुमी रोज हेच बघता, म्हनून म्हटलं तुमाला इचारावं."

आतल्या केबिनमधून सत्यजीत साहेब बाहेर आले. ओल्या फडक्याकडे बघून थबकले. "काय आजोबा, काही तक्रार?"

"नाय साहेब. मॅडमनी दोन दिसांत काम केलं. अशी मानसं गावत नाय."

साहेब खूश होऊन पुढे गेले. अरुंधतीला वाटलं, सांगावं की अजून आठवडाभर वाट बघा. म्हातारा घरी जाईल, वाट बघेल, आपल्याच हाताला दोष देईल आणि पुन्हा इथे येणार नाही. सोपं होतं. पण बुधाजी अजून तिच्या तोंडाकडे बघत होता.

"आजोबा, तुमचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "हे रुजणार नाही. खाण्याचं म्हणून लिहिलं ना, म्हणून ते भट्टीतून काढलं. मीच तसं लिहिलं. मला कळायला हवं होतं."

बुधाजीने एक दाणा उचलला आणि नखाने सोलला.

"सगलंच भाजलं?"

"हो. सगळंच."

"तरीच," तो म्हणाला.

"स्नेहलला सांगून परत मागवता येईल का? या वेळी मी स्वतः..."

"त्यांच्याकं पन थोडंच उरलंय. पयलं ते वाढवनार, मंग देनार. तीन वर्सं लागतील, बोलली."

अर्जावर वयाच्या रकान्यात अठ्ठ्याहत्तर हा आकडाही अरुंधतीनेच लिहिला होता. आपल्या चांगुलपणाची तिला लाज वाटली.

बुधाजीने सांडलेले दोन दाणे वेचून फडक्यात टाकले आणि गाठ मारली.

"घरी फोन लावून देऊ का?" तिने विचारलं. "घरच्यांना कळवायला?"

"घरी कोन नाय. आमची म्हातारी, कमलाबाई, सकालपासून वाफ्यावर बसलेली हाय. बारा दिस झाले, पाखरं हाकलते."

अरुंधतीने तरीही आपला फोन पुढे केला. त्याने तो हातात घेतला, थोडा वेळ धरून ठेवला आणि परत दिला.

"आजचा दिस बसू दे तिला," तो म्हणाला.