शोकसभेची तालीम

"आत्या, रडू आलं की आधी माइक बंद करायचा. नाहीतर आवाज घुमतो," थोरला म्हणाला.

त्याच्यासमोरच्या पडद्यावर दहा-बारा चौकटी होत्या. एकीत आत्याचं नुसतं कपाळ होतं. दुसरीत काकांच्या घराचा पंखा फिरत होता. तिसरीत मामेभाऊ चहात बिस्किट बुडवत होता. थोरला एका कंपनीत नव्या माणसांना ऑनलाइन बैठका शिकवायचा. तालमीशिवाय त्याने आजवर एकही बैठक घेतली नव्हती. बाबांची शोकसभाही तो तालमीशिवाय घेणार नव्हता.

बाबा शेजारच्या खोलीत होते. जिवंत होते. फार तर आठवडा, असं डॉक्टर म्हणाले होते.

धाकटी औषधाचा पेला घेऊन दारात उभी होती. यातलं अक्षरही बाबांच्या कानावर जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं. तिने मधलं दार ओढून पाहिलं. प्राणवायूच्या यंत्राची वायर आडवी येत होती. दार लागेना.

"दादा, बंद कर हे. बाबा अजून आहेत."

"आहेत म्हणूनच वेळ आहे. नंतर एकेकाला शिकवत बसू का?"

"बरोबर आहे त्याचं," पंख्यामागून काकांचा आवाज आला. "ऐनवेळी धांदल नको."

मामेभावाने विचारलं, "मागे चित्र कुठलं लावू? माझ्याकडे समुद्रकिनारा आहे."

"फिकट काहीतरी लाव. काका, आता तुमचं भाषण."

काकांचा घसा खाकरल्याचा आवाज आला. कागद उलगडल्याचा आला. "माझा भाऊ फार मनमिळाऊ होता. येतोय का आवाज?"

"येतोय. फक्त 'होता' जरा हळू म्हणा."

धाकटीने औषधाचा पेला खाली ठेवला. ती पडद्यासमोर येऊन वाकली. "तुमच्या सगळ्यांच्या घरचं वायरिंग बाबांनी केलंय. फ्यूज उडाला की जेवणावरून उठून धावले ते. इतके महिने ते पडून आहेत. कोणी आलं बघायला?"

"अगं, यायचंच होतं," कपाळ म्हणालं. "पण आता या सोयीनं घरबसल्या होतंय ना सगळं."

"झालं तुझं?" थोरला म्हणाला. "हां, आता लिहिणं. ज्यांना बोलणं जमणार नाही, त्यांनी खालच्या पट्टीत लिहून पाठवायचं."

"अगं ए," शेजारच्या खोलीतून बाबांनी हाक मारली. "तुझा फोन आण इकडे. मलाही घाल त्यांच्यात."

त्यांनी सगळं ऐकलं होतं. धाकटीला नाही म्हणता आलं नाही.

पडद्यावर एक नवी चौकट उघडली. तिच्यात वाढलेली दाढी होती, नाकातली नळी होती आणि टक्क उघडे डोळे होते. मामेभावाचं बिस्किट कपात पडलं.

"तालीम छान चाललीय," बाबा म्हणाले. मग थांबून त्यांनी श्वास गोळा केला. "पण तेव्हा मी ऐकायला नसणार. माझ्याबद्दल जे बोलणार आहात, ते आत्ता बोला."

आत्याचं कपाळ चौकटीबाहेर सरकलं. काकांचा कागद पुन्हा घडीत गेल्याचं ऐकू आलं. बाबा थोरल्याच्या चौकटीकडे बघत राहिले. थोरला मान खाली घालून बटणांकडे बघत होता. यंत्राची धाप तेवढी चालू होती.

मग खालच्या पट्टीत काकांची ओळ उमटली. भावपूर्ण श्रद्धांजली.

एकाने टाकलं की खाली तेच टाकायचं, ही बोटांची जुनी सवय. मामेभावाने टाकलं. आत्याने टाकलं. ओळीखाली ओळ येत गेली. शेवटची ओळ भिंतीपलीकडून आली, थोरल्याच्या नावाने.

धाकटीने फोन ओढून घ्यायला हात पुढे केला. बाबांनी तिचा हात बाजूला सारला. चष्मा सारखा केला आणि वरपासून खालपर्यंत प्रत्येक नाव वाचलं. मग स्वतःच फोन तिच्या हातात दिला.

"माझ्याकडूनही एक टाक," ते म्हणाले. "त्या सगळ्यांना."